आरएक्स १०० ची टाकी आतून गंजली आहे. अ‍ॅसिड, नट की कोटिंग?

वेंगुर्ल्याचा_पक्या

नमस्कार मंडळी. काकांची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल, १९९४ चं मॉडेल, बरेच पावसाळे पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. आता ती माझ्याकडे आली आहे. इंजिन मोकळं आहे, किक मारली की चालू होते, आवाजही छान येतो. पण थोडं अंतर गेलं आणि गाडीला जरा ओढ दिली की दम तोडते आणि बंद पडते. पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. कार्बोरेटरचा बाऊल उघडला तर तळाशी तांबूस, पिठासारखा गाळ. टाकीचं झाकण काढून टॉर्च मारला तर वरच्या बाजूला गंजाचे पापुद्रे लोंबताहेत.

इथल्या एका गॅरेजवाल्याने संडास साफ करायचं अ‍ॅसिड ओतायला सांगितलं. दुसरा म्हणतो टाकीच नवी टाक, डुप्लिकेट मिळते. तिसरा आतून इपॉक्सीचं कोटिंग करून देतो म्हणतोय. टाकीवरचा मूळ रंग आणि पट्टे अजून शाबूत आहेत, ते मला कुठल्याही परिस्थितीत घालवायचे नाहीत. यातलं नेमकं काय करू? तोपर्यंत फिल्टर लावून चालवली तर चालेल का?

मिस्त्री_कोल्हापूर

भावा, पहिलं काम म्हणजे गाडी चालवणं आजच बंद कर. फिल्टर लावूनसुद्धा नको. कारण सांगतो.

फोर स्ट्रोक गाडीत कचरा अडकला तर बहुतेक वेळा गाडी बंद पडते, एवढंच होतं. टू स्ट्रोकचं तसं नाही. आरएक्सला ऑइलची टाकी वेगळी आहे आणि पंप ऑइल इंजिनात सोडतो, हे बरोबर. पण सिलिंडर आणि पिस्टन थंड ठेवायला आत येणारं पेट्रोलही लागतं. कार्बोरेटरच्या मेन जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, गंजाचा एक कण अर्धवट अडकला तर हवा पुरेपूर आणि पेट्रोल कमी. अशा वेळी गाडी क्षणभर हलकी, चांगली पळाल्यासारखी वाटते आणि तेवढ्यात पिस्टन तापून सिलिंडरला धरतो. मग सिलिंडर बोअर करा (आतून घासून मोठा करा), ओव्हरसाइज पिस्टन शोधा. टाकी साफ करण्याच्या खर्चाशी त्याची तुलनाच नको. साध्या फिल्टरने मोठे कण अडतात, पिठासारखा गंज त्यातूनही जातो. आणि पापुद्रे जाळीवर बसले की पेट्रोल आणखी कमी येतं, म्हणजे तोच धोका.

डुप्लिकेट टाकीच्या नादाला लागू नकोस. मी बघितलेल्यांचा पत्रा पातळ होता, झाकण नीट बसत नव्हतं, सांध्यातून ओल यायची. तुझी मूळ टाकी आहे, पट्ट्यांसकट आहे. ती वाचवायचीच.

आता काम. टाकी काढ, जुनं पेट्रोल पूर्ण ओत. दोन-तीन वेळा भांड्याच्या साबणाच्या पाण्याने खळखळून धू, वास जाईपर्यंत. पेट्रोलचा कॉक काढून घे. त्याच्या जागी पत्र्याची छोटी पट्टी कापून, खाली जुन्या ट्यूबचं रबर घालून, कॉकचेच स्क्रू वापरून भोक बंद कर. पापुद्रे लोंबताहेत म्हणतोस, म्हणजे आधी ते पाडायला हवेत. मूठ-दोन मूठ लहान नट मोजून आत टाक, थोडं साबणाचं पाणी घाल. टाकीला जाड गोधडी गुंडाळ आणि सगळ्या बाजूंनी हलव. उलटी, आडवी, नाक खाली करून. वरच्या पोटाला नट लागले पाहिजेत, कारण खरा गंज तिथे आहे. मोजून टाकलेले नट मोजून बाहेर काढ. एकही आत राहता कामा नये. वाळू किंवा बारीक खडी घालू नकोस, ती कोपऱ्यातून निघत नाही.

आरएक्सची टाकी चेसिसच्या दोन्ही बाजूंना उतरते आणि कॉक एकाच बाजूला आहे. म्हणजे दुसऱ्या बाजूच्या पोटातला गाळ आणि पाणी तिथेच पडून राहतं. तिकडच्या तळाकडे जास्त लक्ष दे.

रसायन_स्वाती

पक्यादादा, संडासचं अ‍ॅसिड अजिबात नको. त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. ते गंज झपाट्याने खातं हे खरं, पण गंज संपल्यावर थांबत नाही, खालचा पत्राही खातं. आतल्या कोपऱ्यांत आणि सांध्यात त्याचा अंश राहिला तर क्लोराइडमुळे तिथे पुन्हा गंज धरतो, आणि आधीपेक्षा लवकर. बाहेर सांडलं तर तुमचे पट्टे गेलेच समजा.

सायट्रिक अ‍ॅसिड घ्या. किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं, खाण्यातलंच. ते लोखंडाचे अणू धरून पाण्यात विरघळवतं, पण काम सावकाश करतं, त्यामुळे लक्ष ठेवता येतं. साधारण दहा लिटर कोमट पाण्याला अर्धा ते पाऊण किलो. टाकी गळ्यापर्यंत भरा, अर्धवट नको, नाहीतर वरचा गंज तसाच राहील. रात्रभर ठेवून सकाळी बघा. पाणी हिरवट-पिवळं झालेलं दिसेल. गंज उरला असेल तर ते ओतून ताजं द्रावण भरा, पण राखाडी पत्रा दिसायला लागला की थांबा. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. हातमोजे आणि चष्मा घाला. व्हिनेगरही चालतं, पण दुकानातलं फार सौम्य असतं, वेळ खूप लागतो.

सगळ्यात महत्त्वाची पायरी त्याच्या नंतरची, आणि घाई नेमकी तिथेच होते. अ‍ॅसिडमधून निघालेलं लोखंड अगदी उघडं असतं. नुसतं पाण्याने धुऊन उन्हात ठेवलंत तर काही मिनिटांत केशरी थर चढतो. म्हणून द्रावण ओतलं की लगेच खाण्याच्या सोड्याचं पाणी भरून हलवा, मग साध्या पाण्याने धुवा, आणि पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा मारून पटकन कोरडी करा. वापरलेल्या द्रावणातही सोडा घाला, फेस यायचा थांबला की अ‍ॅसिड मेलं. तरी विहिरीजवळ किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका.

राजदूत_७८

स्वातीताईंचं सगळं पटलं. एक पर्याय जोडतो. गंज फार खोल असेल तर इलेक्ट्रोलिसिस करा. टाकीत पाणी आणि मूठभर धुण्याचा सोडा, मध्ये साध्या लोखंडाची सळी, ती टाकीच्या पत्र्याला कुठेही टेकता कामा नये. बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरची निगेटिव्ह वायर टाकीला, पॉझिटिव्ह सळीला. उलट जोडलं तर टाकीच खाल्ली जाईल. यात चांगला पत्रा खाल्ला जात नाही, हा मोठा फायदा. स्टेनलेस स्टीलची सळी वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर करा आणि क्लिप लावता-काढताना चार्जर आधी बंद करा. सळीवर गंजाचा थर जमला की घासून पुन्हा लावायची.

आमच्या राजदूतला, येझदीला ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, त्यामुळे टाकीला आतून ऑइलचा हात लागलेला असायचा. आरएक्सच्या टाकीत नुसतं पेट्रोल. त्यात आता वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतात. कोकणातल्या पावसाळ्यात उभ्या गाडीला याचा धोका जास्त.

वेंगुर्ल्याचा_पक्या

सगळ्यांचे मनापासून आभार. नट आणि लिंबूफूल, दोन्ही केलं. आतून टाकी इतकी स्वच्छ होईल असं वाटलं नव्हतं, पत्रा राखाडी दिसतोय. रंग वाचावा म्हणून टाकीच्या तोंडाभोवती ग्रीस लावलं होतं आणि प्लास्टिक गुंडाळलं होतं, पट्ट्यांना काही झालं नाही.

पण रॉकेलने खळबळताना नवीनच दिसलं. कॉकच्या मागे तळाच्या सांध्याजवळ ओल येते आहे. गंजानेच तिथलं भोक बुजवलं होतं बहुतेक. आता तरी कोटिंग करावंच लागेल का?

मिस्त्री_कोल्हापूर

नेमकी जागा आधी शोध. सांधा बाहेरून पुसून कोरडा कर, खडू घास, आत थोडं रॉकेल ठेव. खडूवर डाग उमटेल तिथे भोक. एखाद-दुसरं सुईएवढं भोक असेल तर डाख (सोल्डर) लावून काम होतं. रेडिएटर दुरुस्त करणारा जुना कारागीर शोध, त्याचा हात या कामात बसलेला असतो. वेल्डिंगवाल्याकडे नको, तिथला पत्रा आता पातळ आहे, जाळून मोठं भोक पडेल.

आणि हे नीट ऐक. टाकी रिकामी म्हणजे सुरक्षित असं नसतं. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त घातक, कारण आत वाफ आणि हवा मिसळलेली असते. तुझ्या टाकीत आता रॉकेल गेलंय, म्हणून पुन्हा साबणाने धू. मग पाणी भरून टाकी अशी धरायची की डाखाची जागा पाण्याच्या जरा वर राहील, झाकण लावलेलं आणि कॉकचं भोक उघडं. डाखवाल्याला आत पेट्रोल होतं हे स्वतःहून सांग.

कोटिंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे. भोकं बरीच असतील तरच. ते आत नीट धरलं नाही तर सालं सुटतात, कॉक तुंबतो, आणि सुटलेलं कोटिंग काढणं गंज काढण्यापेक्षा अवघड. इथेनॉलला टिकणारं दोन भागांचं इपॉक्सी असलं तरच विचार कर. आणि करायचं ठरवलंस तर आत ऑइल फिरवू नकोस, ऑइलवर ते धरत नाही.

कोटिंग नको असेल तर डाखानंतर टाकी कोरडी करून थोडं पेट्रोल आणि सढळ हाताने टू टी (टू स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल घालून सगळीकडे फिरव, ते ओतून टाक आणि लगेच टाकी काठोकाठ भर. कॉकची जाळी नवी, वॉशर नवे, पेट्रोलचा पाइप नवा. कार्बोरेटर पूर्ण उघडून जेट हवेने साफ कर, तार घालू नकोस, भोक मोठं होतं. आता फिल्टर लाव, लहान आणि पारदर्शक. आरएक्सला पंप नाही, पेट्रोल नुसतं वजनाने खाली येतं, त्यामुळे कारचा मोठा फिल्टर लावलास तर ते पुरत नाही.

रसायन_स्वाती

झाकणाचं रबर पॅकिंगही बदला, आणि झाकणातलं हवेचं बारीक छिद्र पिनने मोकळं करा. ते बंद असेल तर टाकीत पोकळी धरते आणि पेट्रोल यायचं थांबतं. थांबून झाकण उघडलं की गाडी पुन्हा चालते. तुम्ही सुरुवातीला सांगितलेलं लक्षण काही अंशी यामुळेही असू शकतं. पॅकिंग कडक झालेलं असेल तर पावसाचं पाणी तिथूनच आत गेलं असणार.

वेंगुर्ल्याचा_पक्या

ताई, पॅकिंग बघितलं, दगडासारखं झालंय. छिद्रही बुजलेलं होतं. मिस्त्रीदादा, खडूवर एकच डाग आला. सावंतवाडीत रेडिएटरवाला सापडला आहे, तो पाणी भरूनच डाख देतो म्हणाला. परवा टाकी घेऊन जातो.

मिस्त्री_कोल्हापूर

बेस. डाख दिल्यावर टाकी रात्रभर पेट्रोल भरून कागदावर ठेव, गाडीवर चढवायच्या आधी. सकाळी कागद कोरडा असेल तर बसव.