बीडीडीतल्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या आहेत

गॅलरीवाला: मुंबईत डिलाईल रोडच्या बीडीडी चाळी (जुन्या सरकारी चाळी) पडायच्या आत ज्येष्ठांकडून गिरणी संप, खानावळी, भजनी मंडळं याबद्दल रेकॉर्ड करून गणपतीत मंडपाबाहेर क्यूआर कोडवर ऐकवायचं आहे. माइक कुठला? फाइल कुठे ठेवायची?

साउंडचेक: वायरचा कॉलर माइक पुरतो, हजाराच्या आत येतो. पिनवर काळ्या रेघा मोजा. मोबाइलला तीन लागतात. दोन असतील तर फोन गुपचूप स्वतःचाच माइक वापरतो आणि ते घरी गेल्यावर कळतं. म्हणून आधी माइकवर टिचकी मारून दहा सेकंद ऐकून बघा. माइक हनुवटीखाली वीतभर, पण मंगळसूत्र आणि पदर घासणार नाही असा. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर, नाहीतर कॉल आला की रेकॉर्डिंग तुटतं. नळाची वेळ टाळा. अ‍ॅपमध्ये सेटिंग डब्ल्यूएव्ही (न दाबलेली मूळ फाइल), ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो: तासाला साधारण ३४५ एमबी. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायचीच तर 'डॉक्युमेंट' म्हणून.

भोंगा: "संपाबद्दल सांगा" म्हटलं की भाषण मिळतं. गिरणीत कुठल्या खात्यात, बदली कामगार की कायम, पगाराच्या दिवशी खानावळीचे पैसे कसे चुकते व्हायचे, असं विचारा. संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. कोणी साल चुकलं तर मध्येच टोकू नका, दुरुस्ती खाली टिपेत द्या.

गॅलरीवाला: परवानगी कागदावर घ्यायची का?

लालबागकर: कागद घ्याच, पण सुरुवातीला आवाजातही घ्या: नाव, तारीख, कुठे ऐकवणार. मग संपादित तुकडा त्यांना ऐकवून पुन्हा विचारा. खोली क्रमांक आणि "तेव्हा पोटभाडेकरू ठेवला होता" छापाची वाक्यं कापा. पुनर्विकासात पात्रतेचे वाद चालू असतात, हौसेपायी कोणाच्या खोलीवर गदा नको.

क्यूआर 'स्टॅटिक', म्हणजे लिंक थेट कोडातच असलेला, काढा. फुकटातले 'डायनॅमिक' बरेचदा मुदत संपली की मरतात, तेही ऐन विसर्जनाच्या आधी! मीटरभर अंतरावरून स्कॅन व्हायला १० सेंमी बाजू हवी. चकचकीत लॅमिनेशन नको, हॅलोजनच्या झळाळीत कोड वाचला जात नाही. ऐकवायची फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवा, परवानगी 'लिंक असलेल्या कोणालाही' द्या आणि भलत्याच फोनवरून तपासा. गर्दीत नेटवर्क रडतं, म्हणून तुकडा तीन मिनिटांचा, ६४ केबीपीएस मोनो एमपी३, म्हणजे दीडेक एमबी. मूळ डब्ल्यूएव्ही मात्र दोन वेगळ्या घरी, दोन हार्ड डिस्कवर.