मिसोच्या वाटीतलं मीठ

मासे, सोयाबीन आणि बेताचं जेवण यांमुळे जपानी माणसं दीर्घायुषी होतात असं म्हणतात. ते पटतं, पण त्यात मिठाचा विषय राहूनच जातो. १९५१ ते १९८० अशी तीस वर्षं जपानमध्ये सर्वाधिक बळी पक्षाघातासारख्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारांनी घेतले. जास्त मिठाने रक्तदाब वाढतो आणि त्यातून हा धोका वाढतो. सोया सॉस, मिसो (सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा), खारवलेले मासे, लोणची... मीठ चहूबाजूंनी पोटात जायचं.

नागानो प्रांताचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. डोंगराळ मुलूख, हिवाळाभर बर्फ, ताजी भाजी मिळायची नाही. म्हणून नोझावाना नावाच्या पालेभाजीचा पाला मिठात मुरवून पिंपंच्या पिंपं भरून ठेवायचे. तिथे गावातल्याच स्वयंसेवक बायका घरोघर फिरल्या. मिसो सूपमध्ये मीठ मोजायचं यंत्र बुडवायचं आणि आकडा थेट घरच्या बाईला दाखवायचा! सूपमध्ये भाज्या वाढवा, नूडल्सचा रस्सा सगळा पिऊ नका, असं साधंच सांगणं. २०१० च्या आकडेवारीत आयुर्मानात स्त्रिया आणि पुरुष दोन्हींत नागानो देशात पहिला आला.

तरी आजही जपानी माणूस दिवसाला सरासरी १० ग्रॅमच्या आसपास मीठ खातो. जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते.