मदत हवी आहे: क्युरिंगच्या (रेझिन कडक होण्याच्या) वेळी इपॉक्सीतील कार्बन नॅनोट्यूबचे पुंजके कसे टाळावेत?

इपॉक्सीमध्ये वजनाने 0.5 टक्के बहुभित्तीय कार्बन नॅनोट्यूब (अनेक थरांच्या अतिसूक्ष्म कार्बन-नळ्या) मिसळून विद्युतवाहक कंपोझिट बनवत आहे. बर्फात ठेवून प्रोब सोनिकेशन (ध्वनिलहरींनी नळ्या विखुरणे) केल्यावर मिश्रण सूक्ष्मदर्शकाखाली एकजीव दिसते. मात्र अमाइन हार्डनर (इपॉक्सी कडक करणारा घटक) घालून ओव्हनमध्ये तापवले, की रेझिन पातळ होऊन नळ्या पुन्हा एकत्र येतात. थोडे पुंजके वाहक जाळ्याला पोषक असतात हे मान्य, पण हे साध्या डोळ्यांनाही दिसतात. सोनिकेशन वाढवून फरक पडला नाही, उलट त्याने नळ्या तुटतात. नळ्यांवरील आम्लप्रक्रियेने वाहकता घटते, म्हणून ती नको आहे; थ्री-रोल मिल (तीन रोलरांमधून मिश्रण घोटणारे यंत्र) उपलब्ध नाही. अशा स्थितीत आधी कमी तापमानाला जेल होऊ देऊन (घट्ट होऊ देऊन) मग पोस्ट-क्युअर (जास्त तापमानाला पूर्ण कडक) करणे पुरेसे ठरेल, की पृष्ठसक्रियक (सर्फॅक्टंट, नळ्या सुट्या ठेवणारे रसायन) घालावाच लागेल, आणि घातल्यास इपॉक्सी-अमाइन अभिक्रियेत अडथळा न आणणारा कोणता निवडावा?