मेंदू-संशोधक ते अध्यक्ष: सुझन हॉकफिल्ड यांची वाटचाल

शोधयात्री:
एमआयटीच्या (पुण्याच्या नव्हे, अमेरिकेतील केंब्रिजच्या) माजी अध्यक्ष सुझन हॉकफिल्ड या मूळच्या मेंदू-संशोधक, हे नुकतेच वाचनात आले. मी याच विषयात पीएचडी करीत असल्याने विचारतो: सूक्ष्मदर्शकासमोर उमेदीची वर्षे घालवलेली व्यक्ती थेट एवढ्या मोठ्या संस्थेच्या अध्यक्षपदी कशी पोहोचते? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रयोगवही:
‘थेट’ हा शब्द इथे लागू पडत नाही. १९७९ मध्ये जॉर्जटाउनची पीएचडी, पुढे कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगशाळा आणि १९८५ पासून येल विद्यापीठ, असा हा क्रम आहे. मोनोक्लोनल प्रतिपिंडे (एका ठरावीक रेणूलाच चिकटणारी, प्रयोगशाळेत तयार केलेली प्रथिने) मेंदूच्या अभ्यासासाठी वापरणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. त्यांपैकी ‘कॅट-३०१’ हे प्रतिपिंड सरसकट सगळ्या चेतापेशींना न चिकटता काही ठरावीक पेशींच्याच पृष्ठभागावर बसते. मांजराची पिल्ले अंधारात वाढवली, तर मेंदूच्या दृष्टीशी निगडित भागांत या प्रतिपिंडाने उमटणारी खूण क्षीण झालेली आढळते. म्हणजे डोळ्यांनी काय पाहिले, याचा ठसा रेणूंच्या पातळीवर दाखवता येतो. मला स्वतःला हे काम त्यांच्या सर्व पदांपेक्षा अधिक मोलाचे वाटते. नंतर त्या ग्लायोमा हा मेंदूचा कर्करोग कसा पसरतो, याकडे वळल्या.

जुना_वाचक:
वरील माहितीत १९९८ हे साल राहून गेले. त्या वर्षी त्या येलच्या पदव्युत्तर विद्याशाखेच्या डीन झाल्या आणि इतिहासापासून अर्थशास्त्रापर्यंत, ज्या विषयांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, त्या विषयांतील संशोधक विद्यार्थ्यांची जबाबदारीही त्यांच्यावर आली. माझ्या मते खरे वळण तेच. २००३ मध्ये त्या प्रोव्होस्ट झाल्या. आपल्याकडे फार तर प्र-कुलगुरू म्हणता येईल, पण तिकडे अंदाजपत्रकाच्या किल्ल्याही बहुधा याच पदाकडे असतात. डिसेंबर २००४ मध्ये एमआयटीची सूत्रे हाती घेतली, तेव्हा त्या संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष ठरल्याच, शिवाय जीवविज्ञानातून आलेल्या पहिल्या अध्यक्षही.

शोधयात्री:
मनःपूर्वक आभार. मग अभियंत्यांच्या त्या बालेकिल्ल्यात त्यांचे जीवविज्ञान उपयोगी पडले का?

प्रयोगवही:
पडले. २०११ मध्ये खुल्या झालेल्या एमआयटीतील कोक कर्करोग संशोधन संस्थेच्या इमारतीत जीवशास्त्रज्ञ आणि अभियंते मुद्दाम एकाच छताखाली आणले गेले. मात्र २००६ चा ऊर्जा-उपक्रम, जो त्यांच्या कारकिर्दीचा ठळक भाग मानला जातो, त्याचा मेंदूशी काहीही संबंध नव्हता. २०१२ मध्ये त्या पायउतार झाल्या.

शोधयात्री:
आमच्या विभागाच्या अभ्यासक्रम समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून माझे नाव सुचवले आहे. प्रयोगांचा वेळ जाईल म्हणून नकाराचे पत्र लिहून ठेवले होते. ते अजून दिलेले नाही.