आई-वडील सोलापुरात, आपण बाहेर: तुमचे अनुभव लिहा

सोलापूरची पोरं पुण्याला लागतात ही आता नवी गोष्ट राहिली नाही. मिला बंद पडल्या, यंत्रमागावर भागेना, शिकलेले हुतात्मा एक्स्प्रेसने गेले ते सणावाराला येतात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचं कोण करतं, आणि 'केलं पाहिजे' हे पोरांच्या मनात कोण जागं ठेवतं? माझ्या मते रक्ताइतकाच यात गल्लीचा आणि समाजाचा धाक असतो. उपदेश नकोत, घडलेलं लिहा.

सुरुवात मीच करतो. आमच्या अप्पांनी तरुणपणी सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच जड मानाची काठी, पेलला. आता गुडघे गेलेत. जानेवारीत मी आलो नाही तर घरचे एक वेळ गप्प बसतील, पण त्यांच्या जोडीची बाराबंदीतली (यात्रेच्या पांढऱ्या पोशाखातली) मंडळी फोन करतात, 'अप्पांना यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला कोण नेणार, आम्हीच का?' प्रेम आहेच हो, पण रजा निघते ती त्या 'आम्हीच का'मुळे.

अशोक चौक
आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू. नाइना, म्हणजे वडील, मागावर, अम्मा विड्या वळायची. दोघांना पुण्याला नेलं. लिफ्ट, चोवीस तास पाणी, सगळं होतं. अम्मा दिवसभर गॅलरीत. बोलणार कोणाशी? नाइना म्हणाले, 'इथं मेलो तर खांद्याला चार माणसं भाड्यानं आणशील.' परत आणून सोडलं.

इथं नळ काही दिवसांआड, तोही भलत्या वेळी. शेजारचा पोरगा मोटर लावून टाकी भरून देतो, पैसे घेत नाही. पण फुकट काही नसतं, हे नाइनांची आहेराची वही बघितली की कळतं. कुणी एक्कावन्न रुपये दिले, कुणी स्टीलचा डबा, कोण मयतीला आलं, कोण नुसतं दहाव्याला. सगळं निळ्या शाईत. मला फोन येतो, 'साखर पेठेत मयत झालीय, जाऊन ये.' सुट्टी त्यातच जाते. नारळी पौर्णिमेला आमच्या समाजाच्या मार्कंडेय रथोत्सवाला हजेरी वेगळी. बायको विचारते, आई-बापाला भेटायला येतोस की गावाला? माझ्या लेखी दोन्ही एकच. अम्माचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मी पुण्याहून पोचेपर्यंत दवाखान्यात ॲडव्हान्स भरलेला होता.

जुळे सोलापूरची सून
छान लिहिलंय, पण यात बाई कुठं आहे? सासूबाईंना अर्धांगवायू. समाजातले लोक बघायला येतात आणि 'मुलगा श्रावणबाळ आहे' म्हणून जातात. श्रावणबाळ नऊला ऑफिसात. कूस बदलणं, डायपर, भरवणं माझ्याकडे. वर येणाऱ्यांचा चहा. एक मावशी तर पांघरूण बाजूला करून पाठीला जखम आहे का ते बघून गेल्या. नव्हती. असती तर अख्ख्या पेठेत झालं असतं. (आता मी दर दोन तासांनी कूस बदलते, त्यात मावशींचाही वाटा आहे, खोटं कशाला बोलू?)

कुंभारी
आंतरजातीय लग्न केलं. समाजानं आमच्याकडे येणं-जाणं सोडलं, आई-वडिलांकडेही. वडील आजारी पडले तेव्हा रात्री कोण बसलं? गोदूताई वसाहतीतल्या आईच्या विडीवाल्या मैत्रिणी. एक मुसलमान, एक तेलुगू, एक आमच्याच जातीची, गुपचूप आलेली. तिघींनी पाळ्या लावल्या. बसल्या जागी विड्या वळत होत्या, कारण दिवसाच्या हजार भरल्याशिवाय त्यांचीही चूल पेटत नाही.

निवृत्त कारकून
धाकाची दुसरी बाजूही लिहितो. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी घर मुलाच्या नावे केलं, मग मुलगा विचारीना. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करा, महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत पोटगी मिळू शकते, असं मी त्यांना सांगितलं. 'पंचांसमोर मुलाचं नाव घालवू?' म्हणून गप्प बसले. पंचांनी मुलाला समज दिली, ती जेमतेम दिवाळीपर्यंत टिकली. म्हणजे धाक मुलाला कमी आणि बापालाच जास्त!

पोटगीची जबाबदारी मुलीवरही आहे आणि सज्ञान नातवंडांवरही. अर्ज स्वतःला जमत नसेल तर दुसऱ्यामार्फत किंवा संस्थेमार्फत करता येतो. आणि बक्षीसपत्र करायचंच असेल तर 'सांभाळ करील' ही अट त्यात लिहून घ्या. मुलानं ती पाळली नाही तर ते रद्द करून मागता येतं. अट न लिहिता केलेल्यांना नंतर फार जड जातं.

जुळे सोलापूरची सून
काका, हे आमच्या ह्यांना वाचायला देते. बाकी कोणाच्या ओळखीत रात्रपाळीला राहणारी बाई असेल तर सांगा. तेलुगू बोलणारी असली तरी चालेल, सासूबाईंना येतं.

अशोक चौक
अम्माला विचारतो. आमच्या बोळात एक आहेत, पण आधी त्यांच्या मुलाशी बोलावं लागेल. तो पुण्यात असतो.