७३ की ६६?

कॅथलिकांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंटांच्या ६६. म्हणून ‘कॅथलिकांनी बायबलमध्ये सात पुस्तकं मागून घुसडली’ असं काही जण म्हणतात, ते तितकंसं बरोबर नाही. नवा करार दोघांचाही तोच, २७ पुस्तकांचा. वाद आहे तो जुन्या कराराचा: कॅथलिकांची ४६ की प्रोटेस्टंटांची ३९? तोबीत, युदीथ, मक्काबी वगैरे ग्रंथ सेप्टुअजिंट या जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात होते, आणि सुरुवातीचे ख्रिस्ती बहुतेक तेच वाचत. यहुद्यांच्या हिब्रू संग्रहात मात्र ते नाहीत.

प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या ल्यूथरनेही हे ग्रंथ फेकून दिले नाहीत बरं का! १५३४च्या जर्मन बायबलमध्ये त्याने त्यांचा वेगळा विभाग केला: शास्त्राच्या तोडीचे नाहीत, पण वाचायला चांगले. १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेत कॅथलिकांनी त्यांच्यावर शिक्कामोर्तब केलं. ‘घुसडली’ हा समज बहुधा त्या तारखेमुळे. पण जवळजवळ हीच यादी ३९७ सालच्या कार्थेजच्या परिषदेतही सापडते. १६११चं किंग जेम्स बायबलसुद्धा या पुस्तकांसकट छापलं होतं.

गंमत म्हणजे यहुद्यांचा हनुक्का सण ज्या घटनेवरून आला, ती मक्काबींच्या ग्रंथांत आहे, आणि ते ग्रंथ त्यांच्याच शास्त्रात नाहीत!