पोर्ट फॉरवर्ड केला तरी बाहेरचा मित्र जॉईन होऊन नाही राहिला

मनीषनगरवाला:
राजेहो, दोन दिवस झाले डोकं लावून राहिलो. जुन्या पीसीवर माईनक्राफ्ट जावाचा सर्व्हर टाकला, बाहेरचं कनेक्शन पीसीकडे यावं म्हणून राऊटरमध्ये गेमचा 25565 टीसीपी पोर्ट फॉरवर्ड केला, पीसीचा आयपी 192.168.1.7 देला. बहिणीच्या लॅपटॉपवर मस्त चालते, पण हिंगण्याचा मित्र जॉईन करते तर 'कनेक्शन टाईम्ड आऊट'. शनिवारी पाच जणांले खेळायचं आहे, त्यातला एक पुण्याले गेला, त्याच्यासाठीच हे सगळं करून राहिलो. काय राहून गेलं?

वर्धारोड:
भाऊ, घरात चालते म्हणजे सर्व्हर बरोबर आहे. राऊटरच्या स्टेटस पेजवर वॅन आयपी, म्हणजे राऊटरले नेटच्या बाजूनं भेटलेला आयपी, पाय, मग गूगलवर 'माय आयपी' टाकून तो आकडा पाय. दोन्ही एकच असले तर बहुतेक राऊटरमधल्या फॉरवर्डच्या नियमात चूक आहे. वेगळे असले अन वॅन आयपी 100.64 ते 100.127 मधला असला तर सीजीनॅट, म्हणजे नेटवाल्यानं एकच पब्लिक आयपी कितीतरी घरांत वाटला, बाहेरची रिक्वेस्ट तिकडंच अडते, तुझ्या राऊटरपर्यंत पोचतच नाही.

महालकर:
आणि वॅनवर 192.168 दिसला तर फायबरचा डबा आणि तुझा राऊटर दोघंही नॅट करतायत, म्हणजे एकच आयपी आत वाटून देतायत, डबा ब्रिज मोडवर टाकून घे, मग ते काम फक्त राऊटर करेल. पीसीचा आयपी राऊटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये (ठराविक यंत्राला कायम तोच आयपी) बांधून ठेव, नाहीतर लाईट जाऊन आली की 7 चा 9 होतो आणि नियम जुन्यावरच राहतो. चेक मोबाईल डेटावरून कर, बरेच राऊटर घरातून स्वतःच्याच पब्लिक आयपीवर परत येऊ देत नाहीत.

मनीषनगरवाला:
पायलं. वॅन 100.72 नं सुरू होते, गूगलवर दुसराच.

वर्धारोड:
मग सीजीनॅटच. एक तर नेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी घे, त्याचे पैसे बहुतेक वेगळे लागतात. नाहीतर प्लेइट नावाचा प्रोग्राम पीसीवर टाक, तो आपल्या सर्व्हरमधून टनेल, म्हणजे आडवाट, बनवून जॉईन व्हायचा पत्ता देते, मित्रांले काहीच टाकावं लागत नाही. सगळ्यांले एका खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारं झिरोटियरही चांगलं, पण ते प्रत्येकाले इन्स्टॉल करावं लागते. पिंग, म्हणजे उशीर, थोडा वाढू शकते. अन व्हाईटलिस्ट, म्हणजे यादीतल्याच नावांले आत सोडणं, चालू कर भाऊ, खुले सर्व्हर शोधणारे बॉट नेटवर फिरतच असतात.

मनीषनगरवाला:
प्लेइट टाकलं, व्हाईटलिस्टमध्ये पाचही नावं घातली. पुण्यावाला आत्ताच आत आला, गेममधलं आमचं जुनं घर पाहून चॅटमध्ये पहिलं हेच लिहिलं, 'अबे माझा बेड कुठी गेला?' लय आभार भाऊ.

महालकर:
राऊटरमधला 25565 चा नियम आता काढून टाक, त्याची गरज नाही.